अंगातलं ऊन

मुबश्शिरा गेली तेव्हा तिच्या अंगावर गोधडी होती.

वैशाखातली दुपार, एक वाजून गेलेला. दोन दिवसांपूर्वी अवकाळीची एक सर येऊन गेली होती आणि तेव्हापासून हवा ओल्या फडक्यासारखी नाकातोंडावर बसली होती. अशा वेळी ती लिंबोणीच्या बागेतून उठून घरात आली, वळकटीतली गोधडी ओढून काढली, डोक्यावरून घेतली आणि कुणाशी एक शब्द न बोलता परत झाडाखाली जाऊन बसली.

जहिरानं ते चुलीपुढून पाहिलं. पिठाचे हात तसेच घेऊन ती मागोमाग गेली.

"अगं, हे काय?"

"थंडी वाजतीय," मुबश्शिरा म्हणाली आणि हसली. लहान पोरीसारखं, खुदकन. "खिडकी लाव की अम्मी. वारं येतंय."

बागेत खिडकी नव्हती. वाऱ्यानं तर दोन दिवसांत एक पान हलवलं नव्हतं. आणि अम्मीला, म्हणजे जहिराच्या सासूला, माती देऊन अकरा वर्षं झाली होती.

जहिरानं तिच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. घामाचा टिपूस नव्हता. कातडं कोरडं होतं आणि पोळत होतं. तिनं हाका मारल्या. जहिराचा नवरा अझीम विहिरीवरून धावत आला. दोघांनी उचलून पडवीत आणेपर्यंत मुबश्शिरा बोलायची थांबली होती. अंगावर दोन कळश्या ओतल्या. एकदा हातपाय ताठ झाले, मग सैल पडले. गावातला डॉक्टर मोटरसायकलवर आला, डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी पाहिली.

"हार्टफेल," तो म्हणाला. "मयताची चिठ्ठी संध्याकाळी न्या."

मुबश्शिरा ही अझीमची धाकटी बहीण. बावीस वर्षांपूर्वी राशीनहून एक ट्रंक घेऊन माहेरी आली ती परत गेली नाही. तेव्हापासून या दोघी नणंद-भावजयींनी मिळून हे घर आणि ही बाग सांभाळली. भांडल्या, अबोला धरला, पण लिंबं तोडायला कायम जोडीनं जायच्या. आज जहिरा भाकरीला बसली होती म्हणून तेवढी ती एकटी होती.

तीनच्या सुमाराला माणसं जमू लागली. सगळ्यात आधी आला तो शेजारच्या वस्तीवरचा मच्छिंद्र. त्याची बायको रतनबाई जाऊन नऊच दिवस झाले होते. डोकं तुळतुळीत भादरलेलं, टोपी हातात. तो पडवीच्या खालीच उभा राहिला.

"वैनी," त्यानं हळूच विचारलं, "हसली का वो?"

जहिरानं होकारानं मान हलवली.

"रतन बी हसली हुती," मच्छिंद्र म्हणाला आणि भुईकडं बघत खाली बसला.

कालव्यापलीकडं वीटभट्टीवर काम करणारी एक बाई त्याच्या आठ दिवस आधी गेली होती. तीही हसत होती म्हणे, आणि कुणाला तरी बोलावत होती. भर दुपारी या शिवारात काहीतरी फिरतंय, बाया हेरतंय, अशी कुजबुज सगळ्या वस्त्यांवर सुरू झाली होती. जहिराला ते पटत नव्हतं. पण आज बाग तिच्या नजरेला नीट दिसत नव्हती. होले चोची उघड्या टाकून झाडांच्या बुंध्यापाशी भुईवर बसले होते, जवळ गेलं तरी उडत नव्हते. कुत्री कुठं गेली होती कोण जाणे. आणि लिंबोणीनं अवेळी फुलं धरली होती. त्या गोडसर वासानं घर भरून गेलं होतं, मय्यत झालेल्या घरात कुणी अत्तर सांडावं तसं.

साडेतीनला नगरहून अमीर आला. अझीमचा धाकटा भाऊ. सावेडीत फ्लॅट, औषधांचं दुकान. त्याच्या गाडीतून जहिराची लेक अफ्रीनही उतरली. ती नगरला चाचाकडंच राहायची. उन्हानं आजारी पडणाऱ्यांची, मरणाऱ्यांची माहिती गोळा करून जिल्ह्याच्या आराखड्यासाठी द्यायची, असं तिचं कंत्राटी काम होतं. एकत्र जेवताना अझीम थट्टा करायचा, "आमची पोरगी ऊन मोजती." आज कुणी थट्टा केली नाही.

अफ्रीन आत गेली, फुफीच्या, म्हणजे मुबश्शिराच्या, गालाला हात लावला. तसाच बराच वेळ ठेवला. मग बाहेर पुरुषमंडळींत येऊन म्हणाली, "अब्बा, फुफीला तालुक्याला न्यायचं. पोस्टमॉर्टेम करायचं."

अमीर ताडकन उठला. "कापायची? माझ्या बहिणीला?"

"चाचा, ऐकून घ्या."

"काय ऐकायचं? असरची नमाज झाली की दफन. आब्बा, तुमी सांगा हिला."

बाजेवर दोघा भावांचे वडील नबीलाल बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हातात तसबीहची माळ. लेकीच्या आधी आपण जायला हवं होतं, एवढंच ते दोन तासांत बोलले होते. आता म्हणाले, "मय्यतीला ताटकळत ठिवू ने."

"दादा, तिघी गेल्या," अफ्रीन त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसली. "रतनकाकू, ती भट्टीवरची, आणि आता फुफी. तिघींच्या चिठ्ठीवर एकच. हार्टफेल. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं. का बंद पडलं, ते कुणी लिहितच नाही. माझ्या कागदावर या तालुक्यात उन्हानं मेलेली माणसं किती आहेत माहितीय? शून्य."

"लिहून ती माघारी येनार हाय का?" अझीम म्हणाला.

"नाही येणार. पण शून्य असलं की वरचे म्हणतात, तिथं ऊनच नाही. मग दुपारचं काम बंद ठेवा असा आदेश निघत नाही, दवाखान्यात बर्फ ठेवत नाहीत, काही होत नाही."

"ऊन काय आज पडाया लागलंय का? माझा आजा ह्याच उन्हात हीर खांदत हुता."

"तेव्हा रात्री गार व्हायच्या, अब्बा. आता रात्रीसुद्धा अंग निवत नाही. आणि ही ओल वैशाखात कधी होती? घाम वाळला तरच अंग थंड होतं. हवाच पाण्यानं भरलेली असली की घाम वाळत नाही, आतली आग आतच राहते. मग माणसाचं डोकं चालत नाही. थंडी वाजते म्हणतो, हसतो, मेलेल्या माणसांशी बोलतो."

पडवीखालून मच्छिंद्रनं मान वर केली.

"मंजी रतनला लागीर न्हवतं?"

"नाही, काका."

"मी देवरुशी आनला हुता," मच्छिंद्र म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, बाजारातली गोष्ट सांगावी तसा. "ती हसत हुती अन् त्यो तिला कडूलिंबाच्या डहाळ्यानं झोडीत हुता. उन्हात हुबी करून. अर्धा तास. मीच धरली हुती तिला."

अफ्रीननं तोंडावर ओढणी दाबली.

ते सहन झालं नाही म्हणून की काय, अमीर भावावर घसरला. "तू तिला दुपारी बागंत धाडलीसच कशाला?"

"मी न्हाई धाडली. तीनला व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा हुता. ती आपल्या मनानं गेली."

"आपल्या मनानं? राबवून घेतलीत तिला. बावीस वर्सं."

"तू सावेडीत एशीत बसून बोलू नको. ईदला कापड आनून दिलं की झालं का रे भावाचं काम?"

आत दाराआड उभी असलेली जहिरा हे ऐकत होती. अझीमला खरंच वाटत होतं की ती आपल्या मनानं गेली. त्याला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

गुस्ल द्यायला, मय्यतीला शेवटची आंघोळ घालायला, गावातली खाला आली होती. घरामागं चार लुगड्यांचा आडोसा केला, फळी मांडली. काळ्या टाकीतलं पाणी काढलं तर हाताला सोसवेना, म्हणून स्वयंपाकघरातल्या रांजणातलं आणलं. खालानं बिस्मिल्ला म्हणत उजव्या खांद्यावर पहिला तांब्या ओतला. जहिरा चादरीखालून हात फिरवत होती. दोघींशिवाय आत कुणी नव्हतं.

दुसरा तांब्या ओतता ओतता खाला थांबली.

"किती वाजता गेली म्हनलीस?"

"दीडला."

"आता साडेचार झालं." खालानं मुबश्शिराच्या पोटावर तळवा ठेवला आणि उचलला. पुन्हा ठेवला. "चाळीस वर्सं मय्यता धुतीय मी, बाई. हात लावला की गारठा बोटांत चढतो. लेकराची असू दे न्हाईतर म्हाताऱ्याची, तास दोन तासांत कळतंच." तिनं हात चादरीला पुसला. "हिचं अंग अजून तापतंय."

जहिरानं नणंदेच्या काखेत हात घातला. वर ओतलेलं रांजणाचं पाणी फळीवरून ओघळत होतं आणि आत, कातड्याखाली, धग होती. दुपारी कपाळाला लागली होती तीच. किंवा जास्तच. तीन तास झाले होते आणि ती कमी झाली नव्हती.

"ही गेलीय ना गं?" खालानं तांब्या खाली ठेवला. "का झाकतोय आपुन जित्या मानसाला?"

जहिरानं छातीला कान लावला. काही नव्हतं. ओठांपाशी गाल नेला. काही नव्हतं. डोळे अर्धे उघडे होते आणि त्यांत आडोशाचं लाल लुगडं दिसत होतं. जीव गेला होता आणि ऊन तेवढं मागं राहिलं होतं.

साडेअकराला मुबश्शिरा बागेतून आली होती. पाणी प्यायला. चौकटीला धरून म्हणाली होती, "भाबी, डोस्कं ठनकतंय. चालताना भुई खाली जातीय." जहिरा पीठ चाळत होती. मान वर न करता ती म्हणाली होती, "एवढी दोन झाडं कर, मग पड."

मुबश्शिरानं "बरं" म्हटलं होतं आणि ती गेली होती.

एवढंच. त्यात राग नव्हता, जाच नव्हता. असं दोघी एकमेकींना दिवसातून दहादा म्हणायच्या. चार गोणी भरायच्या होत्या आणि तीनच झाल्या होत्या. आता तिचा हात त्या धगीवर होता आणि तिला कळत होतं की ही धग त्या दोन झाडांची आहे. मातीत घातली तरी ही लवकर निवायची नाही.

"खाला, थांब," ती म्हणाली. "पानी घालू नको."

डोक्यावरचा पदर ओढून, ओल्या हातांनी ती पुरुषांच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. अशी ती या घरात कधी आली नव्हती.

"तिला मी धाडली," जहिरा म्हणाली.

"आत जा," अझीम पटकन म्हणाला.

"ती म्हनली डोकं दुखतंय, भुई फिरतीय. मी म्हनलं दोन झाडं कर. ती गेली. तिचं अंग अजून गरम हाय. तीन तास झाले. तुमी या आन् हात लावून बघा." तिला धाप लागली. "ऱ्हदय न्हाई बंद पडलं तिचं. ती भाजलीय आतून. अफ्रीन म्हनती तसं लिहू द्या."

कापू देणार नाही म्हणून एवढा वेळ अमीरच ओरडत होता. आता त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली. "चला. न्हेऊ तालुक्याला. समद्यांला कळू दे."

आणि अझीम दारात आडवा झाला. "न्यायची न्हाई. पोलीस येत्यान. जबाब घेत्यान. हिचं नाव लागंल. माझी बहीन गेली, आता बायकूला बी चौकीत बसवू?"

"तू तिला लपवतोयस."

"व्हय, लपवतोय."

दोघे भाऊ छातीला छाती लावून उभे राहिले. वाटणीच्या वेळीही असे उभे राहिले होते. तेव्हा मुबश्शिरानंच मध्ये पडून त्यांना बाजूला केलं होतं. आज ते काम मच्छिंद्रनं केलं. तो पडवीवर चढला आणि अझीमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अझीमभाई, माझी जळून गेली. माझ्याकडं दाखवाया काय उरलं न्हाई. तुझ्याकडं हाय अजून."

अझीमनं वडिलांकडं पाहिलं. नबीलालची तसबीह थांबली होती.

"जहिरा," ते म्हणाले, "शेवटाला काय बोलली ती?"

"अम्मी, खिडकी लाव म्हनली."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. "न्या," ते म्हणाले. "पर झाकून न्या. उघडी पडू देऊ नका तिला."

तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. सव्वापाच वाजले होते. तिनं ताप मोजला, काच उजेडात धरली, झटकली, दुसरी आणून पुन्हा मोजला. एकशे सहा. तिनं वेळ लिहिली आणि त्याखाली रेघ ओढली.

"हे बघा," ती जहिराला म्हणाली, "कापून ऊन दिसत नाही. दुसरं काही कारण नव्हतं, एवढंच मी शोधू शकते. बाकीचं शेवटी तिच्याजवळ जे होते त्यांनी सांगावं लागतं. सांगाल?"

हवालदार लिहायला बसला. त्याच्या टेबलावरचा पंखा गरम हवा इकडून तिकडं ढकलत होता.

"मयताला बागेत कामाला कुणी पाठवलं?"

दारात अझीम उभा होता. जहिरानं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"मी," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. डोकेदुखी, भुई, दोन झाडं, गोधडी, हसणं. हवालदारानं मध्येच लेखणी थांबवली. "थंडी वाजतीय म्हणाली? या दिवसांत?" त्यानं विचारलं आणि खोलीच्या कोपऱ्यांकडं एक नजर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुबश्शिराला माती दिली. खालानं पुन्हा पहिल्यापासून गुस्ल घातला. बाहेर येऊन तिनं जहिराचा हात दाबला. "आता निवली," म्हणाली.

चिठ्ठीवर डॉक्टरणीनं उष्माघात लिहिलं. जहिरावर कुणी गुन्हा नोंदवला नाही. हवालदार एकदा येऊन चहा पिऊन गेला, तेवढंच. अझीम मात्र तीन आठवडे तिच्याशी बोलला नाही. रागानं नव्हे. काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं. अमीर दर रविवारी येऊ लागला आणि बापापाशी बसू लागला. मच्छिंद्रनं बायकोचा कागद बदलून मिळावा म्हणून अर्ज केला, तो परत आला, पुरावा नाही.

चौथ्या आठवड्यात अफ्रीनचा फोन आला. ती रडत होती. जिल्ह्याच्या समितीनं मुबश्शिराचं नाव उन्हाच्या बळींच्या यादीत घेतलं नव्हतं. त्या दिवशी तालुक्याच्या यंत्रावर पारा बेचाळीसही नव्हता. उष्णतेची लाट जाहीर नव्हती. लाट नाही तर लाटेचा बळी कुठला?

"आणि ओल?" जहिरानं विचारलं.

"ओल धरतच नाहीत, अम्मी. नुसता पारा बघतात. आपला आकडा शून्यच राहिला."

जहिरा फोन कानाला लावून बागेकडं बघत राहिली. अकरा वाजत आले होते. पाऊस अजून लांब होता. आजूबाजूच्या बागांतून बाया उठून, पाट्या जागीच टाकून, भराभरा घराकडं निघाल्या होत्या. मागं वळून कुणी बघत नव्हतं. गेले पंधरा दिवस हे असंच चाललं होतं. मुबश्शिरा दुपारची बागेत दिसते, अशी अफवा सगळ्या शिवारात पसरली होती. भट्टीवरही दुपारी कुणी थांबत नव्हतं. व्यापाऱ्यानं आठवडाभर तंटा केला, दुसऱ्या गावाला जाऊन पाहिलं. तिथंही बाया अकराला घरी. शेवटी त्याचा टेम्पो सकाळी आठला येऊ लागला. जो आदेश नगरहून निघाला नाही तो इथं कुणी न काढताच लागू झाला होता.

"लोक काय काय बोलतात फुफीबद्दल," अफ्रीन म्हणाली. "तू सांगत का नाहीस त्यांना? भूतबीत काही नाही म्हणून."

"सांगती की," जहिरा म्हणाली. "पाऊस पडला की सांगती."

तिनं फोन ठेवला. बांधाच्या पलीकडं एक बाई अजून तोडत होती. परवाच कर्जतकडून कामाला आलेली, नवी. तिला इथलं काही ठाऊक नव्हतं. जहिरा चप्पल न घालताच निघाली. माती पायाला पोळत होती. वाटेत अझीम उभा होता, बाया टाकून गेलेल्या पाट्या सावलीत ओढत. तो तिच्याबरोबर चालू लागला. बोलला नाही, पण बरोबर आला.

"ए बाई, बास कर. घरी जा," जहिरानं हाक मारली.

"एवढी दोन झाडं ऱ्हायलीत, मावशी."

जहिरानं काटे न बघता फांद्यांत हात घातला आणि तिचं मनगट धरलं. ती बाई दचकली. तिनं जहिराच्या तोंडाकडं पाहिलं, मग मागच्या सुन्न बागेकडं, आणि तिचा आवाज खाली आला.

"बाया म्हनत्यात ती इथं दिसती. खरंच दिसती का वो?"

अझीम खाली बघत होता.

"व्हय," जहिरा म्हणाली. "मला रोज दिसती. चल."